दोन गिटार, एक व्हायोलिन, ड्रम गायब: नव्वद वर्षांपूर्वीचं स्विंग पुन्हा जोरात आहे, पण ते ज्यांचं संगीत ती माणसं कुठे आहेत?

रील्स चाळताना हा व्हिडिओ कधी ना कधी तुमच्यासमोर आला असेल. एखाद्या कॅफेचा कोपरा. चार जण बसलेत. दोघांच्या हातात गिटार, एकाकडे व्हायोलिन आणि मागे माणसाच्या उंचीचा डबल बेस. ड्रम नाही, कीबोर्ड नाही, बऱ्याचदा माइकसुद्धा नाही. तरी ठेका असा की बघणाऱ्याचा पाय आपोआप हलायला लागतो. खाली कमेंटमध्ये कुणीतरी विचारतंच, "हे कुठलं म्युझिक आहे?" आणि कुणीतरी उत्तर देतं, "जिप्सी जॅझ."

या संगीताला फ्रान्समध्ये 'जॅझ मानूश' म्हणतात. त्याचा उगम १९३४ सालच्या पॅरिसमधल्या एका पाच जणांच्या बँडमध्ये आहे. आज अमेरिकेपासून युरोपभर छोटे छोटे बँड त्याच पाच जणांची नक्कल करत उभे राहतात, आणि त्यातले बरेच जण आपल्या नावात 'हॉट क्लब' हे दोन शब्द लावतात. सॅन फ्रान्सिस्कोचा हॉट क्लब आहे, टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये 'हॉट क्लब ऑफ काउटाउन' आहे. जुनं स्विंग परत आणायचं म्हटलं की हाच साचा का वापरला जातो, हा एक प्रश्न. आणि ज्या मानूश लोकांच्या नावाने हे संगीत विकलं जातं, त्यांचं फ्रान्समध्ये काय चाललंय, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मजेशीर आहे. दुसऱ्याचं तितकंसं नाही.

स्विंग म्हणजे नेमकं काय?

स्विंग हा १९३०च्या दशकातल्या अमेरिकेचा नाचायचा जॅझ. त्यात चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर उचल असते. शिवाय एका मात्रेचे दोन भाग करताना ते समान होत नाहीत. पहिला लांब, दुसरा आखूड. सरळ चालणारा माणूस आणि घोड्याची दुडकी चाल यात जो फरक, साधारण तोच. कागदावर लिहून हे कळत नाही, ऐकल्यावर दहा सेकंदात कळतं.

अमेरिकेत हे संगीत वाजवायचे मोठे बँड. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन अशी फौज, मिळून पंधरा-सोळा माणसं. ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, बेनी गुडमन ही त्यातली गाजलेली नावं. पण एवढ्या माणसांना रोज पगार द्यायचा, गावोगाव न्यायचं, जेवूखाऊ घालायचं. दुसऱ्या महायुद्धात अनेक वादक सैन्यात गेले, पेट्रोलवर रेशनिंग आलं, आणि १९४४ मध्ये अमेरिकन सरकारने नाचगाण्याच्या ठिकाणांवर ३० टक्के कर लावला. तो नंतर २० टक्क्यांवर आणला गेला, पण तोवर हॉल मालकांचा हिशेब बिघडला होता. युद्ध संपता संपता मोठे बँड एकामागून एक बंद पडले.

पॅरिसच्या त्या पाच जणांचं तसं नव्हतं. तीन गिटार, एक व्हायोलिन, एक डबल बेस. सगळं तारांचं. एका गाडीत मावेल एवढं.

ड्रम नाही, मग ठेका कुठून येतो?

गिटारमधून. या बँडमध्ये एक गिटार सुरांसाठी असते आणि बाकीच्या फक्त ठेका धरतात. उजव्या हाताने तारांवर कोरडा फटका मारायचा आणि लगेच डाव्या हाताची पकड सैल करून आवाज तोडायचा. फ्रेंचमध्ये याला 'ला पाँप' म्हणतात, म्हणजे पंप. हवा भरायच्या पंपासारखा तो खाली-वर, खाली-वर चालू राहतो. ड्रमचं काम हा फटका करतो आणि त्याच्याखाली डबल बेस चाल धरतो.

यासाठी गिटारही वेगळी लागते. मारिओ माकाफेरी नावाच्या इटालियन वादक-कारागिराने आराखडा केला आणि सेल्मर कंपनीने १९३२ पासून ती बनवली. लाउडस्पीकरशिवाय हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जावा, हा तिचा हेतू. वीस वर्षांत हजारापेक्षा कमी गिटार बनल्या. आज खरी जुनी सेल्मर हातात येणं म्हणजे लॉटरीच. बाकी सगळे तिच्या नकला वाजवतात.

आता कॅफेवाल्याच्या बाजूने बघा. ड्रम ठेवायला जागा नको, साउंड सिस्टीम नको, चार माणसांचं मानधन पुरतं, आणि गिऱ्हाइकांना एकमेकांशी बोलताही येतं. वादकांच्या बाजूने बघा. गाण्यांची यादी जगभर जवळपास तीच आहे, त्यामुळे ओळख नसलेले चौघं एका संध्याकाळी भेटून दोन तास वाजवू शकतात. आणि बघणाऱ्याच्या बाजूने: बोटं दिसतात. एवढ्या वेगाने पळणारी बोटं मोबाईलच्या स्क्रीनवर जितकी छान दिसतात, तितकी सोळा जणांची फौज दिसत नाही. मोठ्या बँडचं पुनरुज्जीवन करायला प्रायोजक लागतो. याला कोपरा पुरतो. छोटा साचा टिकला त्यामागे नॉस्टॅल्जिया आहेच, पण माझ्या मते त्याहून जास्त हा साधा हिशेब आहे.

दोन बोटांचा जँगो

या सगळ्याच्या मुळाशी जो माणूस आहे त्याचं नाव जँगो राइनहार्ट. जन्म २३ जानेवारी १९१०, बेल्जियममधल्या लिबेर्शी गावाजवळ, एका घोडागाडीच्या घरात. जात्याच फिरत्या मानूश कुटुंबातला. शाळा जवळजवळ नाही, नोटेशन वाचता येत नव्हतं, पण पोरवयातच पॅरिसच्या नाचघरांमध्ये तो बँजो वाजवून पैसे कमवत होता.

१९२८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याच्या गाडीला आग लागली. बायको विकण्यासाठी सेल्युलॉइडची फुलं करायची, ती गाडीत भरलेली होती. मेणबत्तीने पेट घेतला. जँगो वाचला, पण डाव्या हाताची शेवटची दोन बोटं कायमची आखडली. गिटार वाजवणाऱ्याचा डावा हात म्हणजे सूर शोधणारा हात. तो जवळपास दीड वर्ष अंथरुणाला खिळून होता, आणि त्या काळात त्याने उरलेल्या दोन बोटांनी वाजवायची नवी पद्धत बसवली. आज चार बोटं धडधाकट असलेली मुलं यूट्यूबवर तासन् तास बसून त्या दोन बोटांच्या जागा शिकतात.

१९३४ मध्ये पॅरिसच्या एका हॉटेलात तो आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली एकाच ऑर्केस्ट्रात कामाला होते. मधल्या सुट्टीत पडद्यामागे दोघं गंमत म्हणून वाजवायचे. जँगोचा भाऊ जोसेफ आला, आणखी एक गिटारवाला रोजे शापू आला, लुई व्होला बेस घेऊन आला. जॅझच्या वेडाने एकत्र आलेल्या काही फ्रेंच तरुणांची 'हॉट क्लब' नावाची मंडळी होती, त्यांनी या पाच जणांना आपलं नाव दिलं. डिसेंबर १९३४ मध्ये त्यांच्या पहिल्या रेकॉर्ड निघाल्या.

यातला ग्रापेली मानूश नव्हता. त्याचे वडील इटालियन, तो पॅरिसचा. वाजवत होते ती बरीचशी गाणी अमेरिकन. जँगो स्वतःला जॅझ वाजवणाराच समजत होता. 'जॅझ मानूश' हा शिक्का त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी रुळला. शिक्का चुकीचा आहे असं नाही. जँगोची वादनशैली जपली ती मानूश आणि त्यांच्याच भाऊबंद सिंती कुटुंबांनी, रेकॉर्ड ऐकून ऐकून, काकाकडून पुतण्याकडे. १९६०च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत श्नुकेनाक राइनहार्टच्या बँडने ते पुन्हा जाहीर मंचावर आणलं. पुढे बिरेली लाग्रेन, रोझेनबर्ग त्रिकूट ही त्याच परंपरेतली माणसं. पण शिक्का मारल्यावर तो कुणाच्या उपयोगाला येतो, हे बघायला हवं.

'मानूश' म्हणजे कोण?

हा शब्द मोठ्याने उच्चारून बघा. मानूश. ओळखीचा वाटतो ना?

वाटणारच. रोमानी भाषेत 'मनुश' म्हणजे माणूस. संस्कृतातला मनुष्य, आपला माणूस आणि त्यांचा मनुश हे एकाच घरचे. रोमानी ही मराठी-हिंदीसारखीच भारतीय आर्य कुळातली भाषा आहे. पाण्याला पानी, नाकाला नाक, कानाला कान, केसांना बाल. मोजताना दुय, त्रिन, श्तार, पांज. सहापर्यंत आपल्याला अंदाज येतो. सातपासून मात्र एकदम एफ्ता, ओख्तो, एन्या. हे ग्रीक आकडे आहेत. दहाला पुन्हा देश. या लोकांचे पूर्वज साधारण हजार ते दीड हजार वर्षांपूर्वी उत्तर-पश्चिम भारतातून निघाले आणि मधला मोठा काळ ग्रीक बोलणाऱ्या मुलखात राहिले, हा प्रवास त्यांच्या आकड्यांमध्ये जसाच्या तसा उरलाय. त्यांच्यातलेच पश्चिम युरोपात स्थिरावलेले ते सिंती आणि मानूश. फ्रान्समध्ये ते काही शतकांपासून आहेत. तिथले नागरिक आहेत.

इंग्रजीतला 'जिप्सी' हा शब्द इजिप्तवरून आला, कारण युरोपियनांना वाटलं हे इजिप्तमधून आलेत. अनेक रोमा संघटनांना तो अपमानास्पद वाटतो. काहींना वाटत नाही, ते तो अभिमानाने वापरतात. पण एखाद्या बँडमध्ये एकही रोमा माणूस नसताना पोस्टरवर 'जिप्सी' लिहून वर घोडागाडीचं चित्र टाकणं, याबद्दल आता वादकांमध्येच कुरकुर सुरू झाली आहे.

सूर हवेत, शेजार नको

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ.

१९१२ साली फ्रान्सने एक कायदा केला. फिरस्त्या लोकांनी शरीराची मापं, फोटो, बोटांचे ठसे असलेलं ओळखपुस्तक जवळ बाळगायचं आणि गावागावात पोलिसांकडून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. जँगोचा जन्म त्याच्या दोनच वर्षं आधीचा. म्हणजे तो ज्या माणसांत वाढला ती या पुस्तकाशिवाय फिरू शकत नव्हती. (१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची आणि आपल्याकडच्या भटक्या-विमुक्तांची आठवण झाली असेल तर त्यात नवल नाही.)

एप्रिल १९४० मध्ये, जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरण्याच्याही आधी, फ्रेंच सरकारने फिरस्त्यांच्या प्रवासावर बंदी घातली. पुढे त्यांना छावण्यांमध्ये कोंडण्यात आलं. सुमारे साडेसहा हजार माणसं, तीसेक छावण्या. पॅरिस ऑगस्ट १९४४ मध्ये मुक्त झालं. शेवटच्या छावणीतली माणसं सुटली १९४६ मध्ये. संपूर्ण युरोपात नाझींनी आणि त्यांच्या साथीदारांनी किमान अडीच लाख रोमा-सिंती मारले. काही अभ्यासक हा आकडा पाच लाखांपर्यंत नेतात.

आणि याच काळात जँगो पॅरिसमध्ये सगळ्यात जास्त गाजत होता. ग्रापेली १९३९ मध्ये लंडनलाच थांबला होता, म्हणून व्हायोलिनच्या जागी क्लॅरिनेट आली. १९४० मध्ये त्याने 'न्युआज', म्हणजे 'ढग', ही धून रेकॉर्ड केली आणि ती घरोघरी पोचली. अमेरिकन गाण्यांना फ्रेंच नावं देऊन जॅझ चालू ठेवलं गेलं. हॉलमध्ये जर्मन अधिकारीही ऐकायला बसायचे. तरी १९४३ मध्ये त्याने स्वित्झर्लंडला निसटायचा प्रयत्न केला आणि तो फसला. नाव होतं म्हणून तो वाचला, असंच म्हणावं लागेल. नाव नसलेले त्याचे जातभाई छावणीत होते.

युद्धानंतर कायदा बदलायला किती वर्षं लागली? १९६९ मध्ये जुन्या पुस्तकाच्या जागी नवं प्रवासपुस्तक आलं. त्याचबरोबर एका गावात सलग तीन वर्षं नोंद असल्याशिवाय मतदानाचा हक्क नाही, आणि कुठल्याही गावात अशा लोकांची नोंद लोकसंख्येच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त नको, अशा अटी. तीन वर्षांची अट घटना परिषदेने २०१२ मध्ये रद्द केली. प्रवासपुस्तक आणि तीन टक्क्यांची मर्यादा गेली ती जानेवारी २०१७ मध्ये. छावण्यांबद्दल फ्रेंच राज्याची जबाबदारी राष्ट्राध्यक्ष फ्राँस्वा ओलांद यांनी जाहीरपणे मान्य केली ऑक्टोबर २०१६ मध्ये. जँगोला जाऊन तेव्हा त्रेसष्ट वर्षं झाली होती.

कायद्याने आता पाच हजारांहून जास्त वस्तीच्या गावांनी फिरत्या कुटुंबांसाठी मुक्कामाची जागा द्यायची असते. ही तरतूद २००० सालची. अनेक गावांनी ती दिलेलीच नाही, आणि जिथे दिली तिथे ती महामार्गाच्या कडेला, कचरा डेपोशेजारी, कारखान्याच्या कुंपणाला लागून असते. सप्टेंबर २०१९ मध्ये रुआँ शहरात लुब्रिझॉल या रसायन कारखान्याला प्रचंड आग लागली, तेव्हा जवळच असाच एक मुक्काम होता. लहान मुलांसकट कुटुंबं तिथे होती.

सगळे मानूश फिरते नाहीत, हेही सांगायला हवं. खूप जण पक्क्या घरात राहतात आणि नोकऱ्या करतात. आणि पूर्व युरोपातून अलीकडे आलेले रोमा हा वेगळा समूह आहे. पण राजकारणाला एवढं बारकाईने बघायला वेळ नसतो. २०१० च्या उन्हाळ्यात एका फिरस्त्या फ्रेंच तरुणाचा जेंडार्मच्या गोळीने मृत्यू झाला आणि दंगल उसळली. राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी यांनी उत्तर म्हणून बेकायदा वस्त्या उठवायची मोहीम काढली, आणि विमानात बसवून परत पाठवले गेले ते रुमानिया-बल्गेरियाचे रोमा.

२००० सालचा 'शोकोला' हा सिनेमा यातला विरोधाभास नकळत दाखवून जातो. फ्रेंच गावात नदीवरून नावांमधून फिरस्ते येतात, गावकरी त्यांच्यावर बहिष्कार टाकतात, आणि त्यांच्यातल्या एकाचं काम करणारा जॉनी डेप गिटार हातात घेतो. सिनेमात वाजतं जँगोचं 'मायनर स्विंग'. प्रेक्षक विरघळतात. त्याच वेळी खऱ्या फ्रान्समध्ये प्रवासपुस्तकावर शिक्के मारणं चालू होतं.

मग हे वाजवणाऱ्यांनी काय करायचं?

वाजवू नका, असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. मुळात हे संगीत मिश्रणातूनच जन्मलं. अमेरिकन कृष्णवर्णीयांचा जॅझ, एक मानूश, एक इटालियन बापाचा पॅरिसकर. ग्रापेलीने पुढे एल. सुब्रमण्यम यांच्याबरोबरही व्हायोलिनची जुगलबंदी रेकॉर्ड केली. शुद्धतेचा आग्रह इथे टिकत नाही.

अमेरिकन संशोधक सिव्ह ली यांनी २०२१ मध्ये 'जँगो जनरेशन्स' हे पुस्तक याच विषयावर लिहिलं. त्यात एक अवघड गोष्ट समोर येते. मानूश वादकांना या शिक्क्याचा फायदाही होतो: कार्यक्रम मिळतात, मान मिळतो, 'आम्ही या देशाच्या संस्कृतीत भर घातली' असं म्हणता येतं. पण त्याच शिक्क्यामुळे त्यांच्याकडून अपेक्षा असते की त्यांनी कायम शेकोटीभोवती बसलेलं, मोकळं, बेफिकीर असंच दिसावं. ज्याला दुसरं काही वाजवायचंय, त्याचं काय?

पैशाचा मुद्दाही आहेच. युरोपात रचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं टिकतो. जँगो १६ मे १९५३ रोजी गेला. म्हणजे एकट्याने रचलेल्या त्याच्या धुना बहुतेक युरोपीय देशांत १ जानेवारी २०२४ पासून सगळ्यांसाठी मोकळ्या झाल्या. 'न्युआज' रिंगटोन म्हणून वापरा, जाहिरातीत टाका, तिथे कुणाला विचारायची गरज नाही. 'मायनर स्विंग'चं मात्र तसं नाही. ती रचना जँगो आणि ग्रापेली अशी दोघांच्या नावावर आहे, आणि संयुक्त रचनेत हिशेब शेवटच्या माणसापासून धरतात. ग्रापेली डिसेंबर १९९७ मध्ये वारला. त्यामुळे ती २०६७ संपेपर्यंत संरक्षित राहील.

जँगोने शेवटची वर्षं पॅरिसच्या दक्षिणेला, सेन नदीकाठच्या सामवा गावात काढली. चित्रं काढायचा, मासे पकडायचा, बिलियर्ड खेळायचा. तिथे त्याच्या नावाने १९६८ मध्ये पहिला महोत्सव झाला आणि १९८३ पासून तो दरवर्षी भरू लागला. २०१६ मध्ये नदीला पूर आला आणि महोत्सव शेजारच्या फोंतेनब्लोला हलला. तिकीट काढून मोठा मंच बघता येतो. पण जाणकार सांगतात की खरी मजा रात्री कॅम्पिंगच्या मैदानावर असते. मानूश कुटुंबांच्या व्हॅन, त्यांच्या शेजारी जर्मन, डच, जपानी हौशी वादकांचे तंबू, दिव्याच्या उजेडात दहा-बारा गिटार एकदम 'पाँप' धरतात आणि एकेक जण पुढे होऊन वाजवतो. त्या चार-पाच रात्री कुणी कुणाला तुझी व्हॅन इथे का उभी, असं विचारत नाही. महोत्सव संपला की हौशी वादक विमान पकडतात. व्हॅनवाले पुढचा मुक्काम शोधायला लागतात.

ऐकायला सुरुवात कुठून करायची, असं विचाराल तर १९३७ चं मूळ 'मायनर स्विंग' लावा. तीन मिनिटांच्या आसपासचं आहे. इअरफोन लावून आधी सूर सोडून द्या आणि फक्त मागच्या गिटारचा पंप ऐका. मग पुन्हा लावून जँगोकडे लक्ष द्या. अगदी शेवटी, वाजवणं संपल्यावर, बँडमधला कुणीतरी खूश होऊन ओरडतो. ते रेकॉर्डिंगमधून कुणी कापलं नाही.